लाल औषध आणि आतेचं गाऱ्हाणं

सर्व लहानथोर मंडळींस, आणि विशेषकरून ज्यांनी लहानपणी नाक दाबून औषध घेतलं आहे अशा सर्वांस, अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, ऐंशीच्या दशकात लांज्याजवळच्या आमच्या वाडीत एका बाईनं भर देवळात ग्रामदेवाचा कौल मानायला नकार दिला. या घटनेचं मूळ कारण मी होते. अधिक नेमकं सांगायचं तर माझी उलटी. कृपया कोणी हसू नये. हसण्याचा अधिकार फक्त माझा, कारण उलट्या मी काढल्या आहेत.

ती बाई म्हणजे आमची आते. माझ्या वडिलांची थोरली बहीण. शहरात आत्या म्हणतात, आमच्याकडे आते, आणि ही तर अख्ख्या वाडीची आते. बांध्यानं बुटकी, पण आवाज असा की पलीकडच्या कातळाच्या सड्यावर चरणारी म्हैस नुसत्या हाकेनं मान खाली घालून घरी यायची. कुठलीही गोष्ट पहिल्या फटक्यात मान्य करायची नाही हा तिचा बाणा. एसटीचा कंडक्टर दारातूनच ओरडायचा, "गाडी भरली!" आते पायरीवर पाय ठेवून म्हणायची, "भरली तर भरली. मी काय सांडतंय?" आणि चढायची. सासरहून ती कायमची परत आली तेव्हा लोकांनी खोदून खोदून कारण विचारलं. तिनं एकदाच सांगितलं, "तो म्हनालान, ह्या घरात माझंच चालनार. मी म्हटलं, चालू दे. मी पन चालतंय." आणि चालत माहेरी आली. विषय संपला.

तिचे वडील, म्हणजे माझे आजोबा, अगदी उलट स्वभावाचे. दिवसभरात जेवढे शब्द बोलायचे त्यापेक्षा जास्त पानं खायचे. पण देवळात गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराण्याचा, म्हणजे त्यांचा. वाडी गोळा झाली की आजोबा देवासमोर हात जोडून उभे राहायचे, सगळ्यांच्या वतीनं देवाला सुखदुःख सांगायचे, आणि प्रत्येक वाक्याला पुरुषमंडळी एका सुरात साथ द्यायची, "व्हय म्हाराजा!" बायका मागे बसायच्या. बायकांनी गाऱ्हाणं घालायची रीत नव्हती. पण आतेला ते सगळं तोंडपाठ. आजोबांना मधेच ठसका लागला, पुढचं वाक्य आठवेना झालं, की ते वाक्य खांबाच्या मागून यायचं. कुठून आलं हे सगळ्यांना ठाऊक असायचं आणि कोणीच मान वळवायचं नाही.

अशा घरात, मी शाळेत चौथीला असताना, माझ्या गळ्यावर एक गाठ आली. सुपारीएवढी. संध्याकाळी अंग तापायचं, जेवण जाईना. आईनं लेप लावले, शेजारच्या तात्यांनी दृष्ट काढायला लावली. लांज्याच्या डॉक्टरांनी गाठ चाचपली आणि रत्नागिरीच्या इस्पितळात जायला सांगितलं. वडील मुंबईला नोकरीला, त्यामुळे आजोबा मला घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरीणबाई कोल्हापूरकडच्या. त्यांनी गाठ तपासली, छातीचा फोटो काढायला लावला, आणखी काय काय केलं आणि सांगितलं, क्षय आहे. गाठीचा. औषधानं बरा होणारा. मग मला सुई टोचायला पलीकडच्या खोलीत नेलं. मी तिथे माझ्या आवाजाची ताकद दाखवत असताना डॉक्टरीणबाईंनी आजोबांना समोर बसवून सगळ्या सूचना दिल्या.

घरी आल्यावर आजोबांनी पाय धुतले, उपरण्यात बांधून आणलेली विटकरी रंगाच्या औषधाची बाटली आणि पांढऱ्या गोळ्या चुलीजवळ ठेवल्या आणि आई नि आतेला सांगितलं, "रोज सकाळी द्यायचं. उपाशीपोटी द्यायचं. मधेच बंद करायचं नाय." एवढं बोलून ते पडवीत जाऊन पान लावायला बसले. डॉक्टरीणबाईंनी आणखीही एक गोष्ट सांगितली होती. ती आजोबांनी सांगितली नाही. आत्ता मीही सांगत नाही.

आता मी माझ्या कलेकडे वळते.

गोळ्या आई पळीच्या पाठीनं कुटायची आणि पाण्यात कालवून द्यायची. चव अशी की जिभेवर कोणी कडुनिंबाचं झाड लावलंय. त्यावर ते लाल औषध. त्याला गंजलेल्या कोयतीचा वास यायचा. गिळलं की पोट क्षणभर विचार करायचं. मग तळापासून ढवळायला लागायचं, तोंडाला पाणी सुटायचं, आणि मी पळायचे. पायरीवर, तुळशीजवळ, विहिरीच्या वाटेवर, पेरूच्या बुंध्यात, जिथे गाठेल तिथे. त्या पेरूला पुढे कधी कीड लागली नाही. ज्या दिवशी औषध पोटात राहायचं त्या दिवशी दुपारपर्यंत त्याच कोयतीचे ढेकर. फोडणीचा वास आला की मी नाक दाबायचे. ज्या सुकटीसाठी मी पूर्वी भावंडांशी मारामारी करायचे, ती भाजायला घेतली की मी घर सोडून बाहेर. भात समोर आला की वाटायचं खडू मळून वाढलाय. गाठ राहिली बाजूला, मीच झिजायला लागले.

आतेनं पाहणी करून निदान केलं. औषध उष्ण आहे. आणि उष्णावर उतारा काय, तर कोकम. तिच्या मते कोकमानं बरं होत नाही असा आजार अजून जन्माला यायचा होता. झालं. रोज सकाळी उपाशीपोटी औषध, आणि औषधाच्या पाठोपाठ फुलपात्रभर आंबटढाण कोकमाचं पाणी. लाल आत गेलं, त्याच्यामागून लाल गेलं, आणि दोन्ही लाल हातात हात घालून बाहेर आले. पूर्वी मी पायरीपर्यंत तरी पोचायचे, आता चुलीजवळच. आई हळूच म्हणाली, "कोकमानंच व्हत असंल." आतेला तो घराण्याचा अपमान वाटला. कोकम निर्दोष आहे हे सिद्ध करायला तिनं स्वतः सकाळी काहीही न खाता दोन फुलपात्री भरून रिचवली. त्या दिवशी गोठा आईनं काढला, पाणी आईनं भरलं, आणि आते पोटाशी पाय घेऊन पडवीत बसून होती. "कोकमाचा काय दोष नाय," ती कण्हत म्हणाली, "उपाशीपोटाचा दोष हाय."

आणि या शोधाबरोबर ती उठली आणि मला घेऊन रत्नागिरीला निघाली.

लांज्याच्या स्टँडवर आमच्याच वाडीतली एक बाई भेटली. माझ्याकडे बघून आवाज खाली घेत म्हणाली, "काय झालाय गो हिला? बोलू नको हां कोनाकडं. पोरीची जात. उद्या लगीन जमायचं नाय." आतेनं आवाज जेवढा वर जाईल तेवढा वर नेला. "क्षय झालाय हिला! गाठीचा! औषध चालू हाय! बरी व्हनार हाय!" मग स्टँडवरच्या एकूण एक पुरुषांवरून नजर फिरवून म्हणाली, "हितं कोनाला चौथीतल्या पोरीशी लगीन करायचं हाय काय? नाय ना? मग गाडीची वाट बघा." एक गृहस्थ उगाच टोपी सारखी करायला लागले.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंसमोर ती खुर्चीवर बसली ती वादाच्या तयारीनंच.

"बाई, उपाशीपोटी म्हंजे नेमकं किती उपाशी?"

"म्हणजे काहीच खायचं नाही."

"तुमी सकाळी काय खाऊन आलात?"

"माझं काय काढलंसा आता? चहा-चपाती खाऊन आले."

"मंग उद्या तुमी नका खाऊ. हे औषध घ्या, वरती दोन गाड्या बदलून हितं या, आनि मंग मला सांगा. मी थांबतंय."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. मला वाटलं, आता आपल्याला हाकलणार. पण त्या पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. मग नीट समजावून सांगितलं, "हे बघा, रिकाम्या पोटी ते अंगाला जास्त चांगलं लागतं म्हणून तसं सांगतो. पण सगळं अंगणातच पडायला लागलं तर अंगणाला गुण यायचा, पोरीला न्हाई. वाटीभर पातळ पेज द्या आधी. तेल नको, तिखट नको. मग औषध. गिळल्या गिळल्या उलटलं तर पुन्हा द्या. उशिरानं उलटलं तर त्या दिवशी राहू दे. आणि सकाळी आंबट काय देता?"

"वायच कोकम."

"बंद."

"कोकम बंद?" आतेनं असं विचारलं की जणू तिला श्वास बंद करायला सांगितलाय.

"सकाळचं तरी बंद. आणि रोज हिचे डोळे बघायचे, उजेडात. पिवळे दिसले, किंवा जेवण पार तुटलं, पोट दुखायचं थांबेना, तर औषध थांबवून त्याच दिवशी हिला इथं आणायचं. बाकी कोणी काही सांगितलं तरी तुमच्या मनानं औषध बंद करायचं न्हाई. मधेच सोडलं तर आजार पुन्हा उलटतो, आणि मग तो औषधाला दाद देत नाही. कळलं? बाकीचं सगळं मागेच आजोबांना सांगितलंय. सांगितलं न्हवं त्यांनी घरात?"

"सांगितलान, सांगितलान," आते म्हणाली. आपल्या बापानं काही सांगायचं टाळलं असेल हे तिला कसं ठाऊक असणार!

दुसऱ्या दिवसापासून आमच्या स्वयंपाकघरात एक नवा विधी सुरू झाला. सकाळी आते मला अंगणात उभी करायची, खालची पापणी अंगठ्यानं ओढायची, डोळ्यात बघायची आणि निकाल द्यायची, "पांढरा हाय. चल." मग ऊन ऊन पेज, मिठाचा एक खडा घालून. पेज संपली की आई औषध कालवायची. आणि आते चुलीसमोर पदर खोचून, हात जोडून, अगदी आजोबांच्या सुरात सुरुवात करायची:

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मी आणि आई.

"आज ह्या पोरीनं पेज खाल्लान हाय!"

"व्हय म्हाराजा!"

"आता ती औषध घेनार हाय. ते कडू हाय, घान हाय, तुझ्या तोंडात घातलं तर तू पन थुकशील!"

इथे आई दचकायची. तरी हळूच म्हणायची, "व्हय म्हाराजा."

"तरी ते तिच्या पोटात ऱ्हाऊ दे! आनि जी काय मळमळ असंल ती उचल आनि शेजारच्या तात्याच्या पोटात घाल!"

"व्हय म्हाराजा!" हे मात्र मी इतक्या जोरात ओरडायचे की तात्या कुंपणावरून डोकावायचे. मला हसू फुटायचं, आणि त्या भरात आते पळी माझ्या तोंडात रिकामी करायची. मग मला आडवं होऊ द्यायची नाही. परसातून फिरवायची आणि वाडीतल्या प्रत्येक प्रतिष्ठित माणसाची एकेक गोष्ट सांगायची. कोण कुणाच्या फणसावर चढताना सापडला, कोणाचं धोतर कुंपणाला अडकून राहिलं. सगळ्याच गोष्टी खऱ्या असतील असं नाही, पण त्या ऐकताना मी उलटी करायचं विसरून जायचे.

नेहमीच विसरायचे असंही नाही. कधी पळी बाहेर आली की औषध तिच्यापाठोपाठ. मी रडायला लागायचे. आते माझं तोंड धुवायची, पदरानं पुसायची आणि म्हणायची, "परत. पयल्यापासून." आणि खरोखर पहिल्यापासून, पुन्हा "बा देवा म्हाराजा!" उशिरानं उलटलं तर मात्र रागवायची नाही. पेरूच्या बुंध्यात पाणी ओतत म्हणायची, "आज ती जिकली. उद्या आपन." ती म्हणजे उलटी. आते उलटीबद्दल असं बोलायची की जणू ती दावा लावून बसलेली भावकी आहे.

आणि खरंच, आम्ही जिंकत चाललो होतो. सुपारीएवढी गाठ वाटाण्याएवढी झाली होती. भाताचा खडू जाऊन पुन्हा भात झाला होता. अशात थंडीच्या दिवसांत मला सर्दीताप आला, पुन्हा उलट्या सुरू झाल्या, अंगात उभं राहायचं त्राण उरलं नाही. परसात लघवीला कशाला पाठवायची म्हणून आईनं न्हाणीत पांढऱ्याशुभ्र तामचिनीचं भांडं ठेवलं. तोवर आमच्या परसातल्या तांबड्या मातीनं सगळं पोटात घातलं होतं. त्या सकाळी भांडं उचलायला गेलेली आई किंचाळतच बाहेर आली. भांड्यात लाल होतं.

अख्खी वाडी जमा झाली. तात्यांनी भांड्यात डोकावून जाहीर केलं, "रगत हाय. औषध सोसत नाय पोरीला. पोटातनं उलटतंय, आता खालनं पन जाया लागलं. बंद करा." बायका हळहळल्या. आई रडायला लागली, आणि आतेनं पेज चुलीवर ठेवेपर्यंत औषधाची बाटली जागेवरून नाहीशी झाली.

आतेनं मला अंगणात ओढलं. पापणी खाली केली. "पांढरा हाय!" ती ओरडली. "डॉक्टरनीनं सांगितलान, डोळा पिवळा तर औषध बंद. डोळा पांढरा हाय! लाल मुताचं ती काय बोलली नाय. मी पोरीला घेऊन दुपारच्या गाडीनं जातंय, तिला इचारतंय. पन सकाळचं औषध चुकवनार नाय. बाटली कुठं हाय?"

बाटली कुठे होती ते आई सांगेना.

आणि आजोबा? आजोबा पडवीत बसले होते. पुढ्यात पानाचा डबा, पण पान लावलेलं नव्हतं. त्यांना सगळं ठाऊक होतं. डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी त्यांना बजावून सांगितलं होतं, या औषधानं लघवी लाल होते, घाबरू नका, घरात बायकांना सांगून ठेवा. पण सुनेच्या आणि लेकीच्या तोंडावर ह्या विषयावर बोलायचं? ज्या माणसानं घरात 'न्हाणी' हा शब्दसुद्धा 'तिकडं' म्हणून उच्चारला, त्यानं? पहिल्या दिवशी त्यांनी लाजेनं टाळलं. मग ते टाळणंच लपवायची वेळ आली. आता तर अंगणात वाडी उभी होती. देवानं परस्पर मिटवलं तर बरं, असा त्यांनी विचार केला असणार. कारण ते उठले आणि म्हणाले, "कौल लावूया."

देऊळ हाकेच्या अंतरावर. गुरवानं देवाच्या अंगावर डावीकडे आणि उजवीकडे पाण्यात भिजवलेल्या कळ्या चिकटवल्या. उजवी कळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आजोबांनी गाऱ्हाणं घातलं, आवाज नेहमीपेक्षा बराच खाली. "पोरीचं औषध चालू ठेवावं काय, तो कौल दे म्हाराजा." "व्हय म्हाराजा," वाडी म्हणाली. मी बायकांत आईच्या मांडीवर. मग एक कळी सुटली.

डावी.

तात्यांनी मान डोलावली. आईनं सुस्कारा सोडला, आणि तिच्या ओच्यात काहीतरी टणक माझ्या पाठीला लागलं. बाटली. तिनं ती कमरेला बांधून देवळात आणली होती. लोक उठायला लागले.

तेवढ्यात खांबामागून आवाज आला, "बसा खाली!"

आते खांबाच्या पुढे आली. बायकांची जागा सोडून, पुरुषांमधून वाट काढत, थेट देवासमोर. पदर खोचलेला, हात जोडलेले.

"बा देवा म्हाराजा!"

कोणीही साथ दिली नाही. गुरवाचा हात हवेतच राहिला.

"तुझा कौल तू दिलंस. तुझ्या पायावर माझं डोस्कं हाय. पन ह्यांनी तुला अर्धंच सांगितलानी! सुपारीएवढी गाठ वाटान्याएवढी झाली, हे तुला कोन बोललं नाय!"

तात्या पुन्हा खाली बसले.

"ते औषध मी बंद करनार नाय! कोप करायचा तर माझ्यावर कर. मला उलट्या लाव, मला जुलाब लाव, मी बघून घेतंय. पोरीच्या वाटेला जाव नको!"

आता मला सांगा, महिनोन्महिने रोज सकाळी ज्या सुराला मी जे उत्तर दिलं, तेच माझ्या तोंडून बाहेर पडणार की नाही? भर देवळात माझा किरटा आवाज घुमला, "व्हय म्हाराजा!" आणि माझ्यापाठोपाठ, त्याच सवयीनं, डोक्यावरचा पदर सुद्धा न सावरता माझी आई म्हणाली, "व्हय म्हाराजा!" म्हणाली आणि स्वतःच घाबरली. मग ओच्यातली बाटली काढून तिनं समोर फरशीवर ठेवली.

आतेचा आवाज आणखी चढला. "पोरीच्या पोटातलं औषध पोटात ऱ्हाऊ दे म्हाराजा! आनि हितं जमलेल्यांत कोनी काय लपवलं असंल, कोनाच्या पोटात काय ऱ्हायलं असंल, तर तेवढं भायेर पाड!"

हे शेवटचं वाक्य आजोबांचंच. दर वर्षी तेच ते गाऱ्हाण्यात घालायचे. त्यांनी एकदा देवाकडे बघितलं, एकदा लेकीकडे बघितलं, त्यांचा चेहरा माझ्या औषधाच्या रंगाचा झाला, आणि ज्या माणसानं जन्मात बायकांसमोर वावगा शब्द काढला नव्हता, तो सगळ्या वाडीसमोर, ग्रामदेवासमोर, ओरडला:

"डॉक्टरनीनं सांगितलान व्हतं! पोरीचं मूत लाल व्हनार म्हनून!"

तुम्ही कधी देऊळ हसताना ऐकलंय? मी ऐकलंय. पहिल्यांदा मागून बायका फुटल्या, मग पुरुष, मग गुरव गाभाऱ्याचा उंबरा धरून खाली बसला. फक्त तात्या हसत नव्हते, कारण रक्ताचं निदान त्यांचं होतं. आजोबा भिंतीकडे तोंड करून उभे. हसणं ओसरल्यावर गुरव म्हणाला, आता सगळं सांगून परत कौल लावूया. आते बाटली उचलत म्हणाली, "लाव. उजवी पाड नायतर डावी पाड, औषध मी देतंय."

"मंग कौल कशाला मागतंस गो?"

"त्याला पन बोलायची संधी नको काय?"

कळी पडली. उजवी. तोवर आतेनं तिथेच, सभामंडपात, मला औषध पाजलं होतं. आणि तरीही दुपारच्या गाडीनं ती मला रत्नागिरीला घेऊन गेलीच. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, ताप सर्दीचाच, रंग औषधाचाच. आणि मग देवळातली हकीकत ऐकून त्या इतक्या हसल्या की बाहेरच्या बाकावरचे रोगी दारातून बघायला लागले.

आंब्यांच्या दिवसांत माझं औषध थांबलं. गाठ गेली. उलटी हरली. पुढे लग्नही झालं, हे लांज्याच्या स्टँडवर त्या दिवशी हजर असलेल्यांच्या माहितीसाठी. आतेला देवळात गाऱ्हाणं घालायला नंतर कोणी बोलावलं नाही, पण आजोबांना ठसका लागला की आता ते स्वतःच खांबाकडे बघायचे आणि थांबायचे. मी मोठेपणी तिला एकदा विचारलं, "आते, आजोबांनी काहीतरी लपवलंय हे तुला कळलं होतं?" ती म्हणाली, "मला काय ठाव? पन बापूस सकाळपास्नं पान खात नव्हता. पोटात दुसरं काय असल्याबिगर तो पान सोडत नाय."

आता शेवटचं. आते म्हातारी झाली, हृदयानं कुरकुर सुरू केली, तिला मी रत्नागिरीत माझ्या घरी आणली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. मळमळायचं, आणि ती गोळ्या घ्यायला नाही म्हणायची. नाही म्हणजे नाही. मी विनवलं, रागावले, माझ्या मुलांनी विनवलं. तिनं तोंड मिटलं ते मिटलंच. बोलणंही जवळजवळ बंद केलेलं. त्या सकाळी ती डोळे मिटून पडली होती. मी जवळ गेले, तिची खालची पापणी अंगठ्यानं ओढून बघितली. पांढरा. मग एका हातात गोळ्या, एका हातात पाण्याचा पेला घेऊन मी तिच्या खाटेसमोर उभी राहिले, आणि मुलं, नवरा, दारात आलेली शेजारीण, कोणाचीही भीड न धरता सुरुवात केली, "बा देवा म्हाराजा! ही म्हातारी औषध घेनार हाय! ते कडू हाय, घान हाय, तुझ्या तोंडात घातलं तर..."

आतेचा एक डोळा उघडला. पुढे थोड्याच दिवसांत ती गेली. पण त्या सकाळी तो डोळा माझ्या हातातल्या पेल्यावरून फिरला, रिकाम्या टेबलावरून फिरला, माझ्यावर येऊन थांबला, आणि पलीकडच्या सड्यावरची म्हैस माघारी फिरेल अशा जुन्या आवाजात ती कडाडली:

"उपाशीपोटी गाऱ्हानं घालतंस? आधी पेज आन, मेल्ये!"